दोन किल्ल्यांचं कपाट

आमच्या शिकारीच्या कॅम्पच्या उत्तरेकडच्या भिंतीवर सत्तेचाळीस शेपट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांतली एकही हरणाची नव्हती. सगळ्या शर्टांच्या. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची शेपटी कात्रीनं कापायची, तिच्यावर नाव आणि साल लिहायचं आणि खिळ्यानं भिंतीला ठोकायची, हा आमच्याकडचा जुना कायदा. तो कुठल्या विधानसभेनं केलेला नाही आणि आजवर कोणी मोडलेलाही नाही. मिशिगनच्या या वरच्या टापूत, मोठ्या सरोवराच्या काठी, पंधरा नोव्हेंबरला हरणाचा हंगाम उघडतो. त्या दिवशी शाळा बंद, अर्धी दुकानं बंद, आणि त्या दिवसाचं लग्न ठरवणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. मी रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो. मार्सेल माझं नाव. भिंतीवर माझ्या सहा शेपट्या आहेत. लपवायचं काय त्यात?

लेंपी ओयालाच्या तीन होत्या, आणि ती त्या पाहुण्यांना स्वतः बोट करून दाखवायची. "ही सत्त्याहत्तरची, लाल चौकडीची. थंडीनं हात कापत होते. ही एक्क्याण्णवची. हात कापत नव्हते, नुसती घाई. आणि ही दोन हजार आठची. हिला काही कारणच नाही."

वाल्फ्रिड तुओमेलाची, आमच्या वालीची, एकही नव्हती. अठ्ठावन्न हंगाम, आणि शर्ट सगळे अखंड.

लेंपीबद्दल सांगायचं तर वालीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण तिला बंदूक धरायला त्यानंच शिकवलं. कॅम्प तिच्या बापाचा, आर्वोचा. पण पोटच्या पोरीवर ओरडायचा आर्वोला धीर नव्हता, म्हणून त्यानं चौदा वर्षांची लेंपी वालीच्या ताब्यात दिली. वाली तेव्हा तांब्याच्या खाणीत सुरुंग लावायचं काम करायचा. त्यानं पहिला अख्खा हंगाम तिला रिकामी रायफल घेऊन रानात हिंडवली. कुंपण ओलांडायचं तर आधी रायफल पलीकडे ठेव. मचाणावर चढायचं तर रायफल दोरीनं मागून वर घे. नळी कुठं बघतेय ते झोपेतसुद्धा ठाऊक पाहिजे. हंगाम संपताना तिनं विचारलं, "आणि काडतूस?" वाली म्हणाला, "पुढच्या वर्षी. एक." त्या एका काडतुसाचं काय झालं ते लाल चौकडीच्या शेपटीवर लिहिलेलं आहे.

पुढं लेंपी शाळेची बस चालवायला लागली. एकतीस वर्षं. आमच्या टॅमरॅक बेंड गावात चाळिशीच्या आतलं माणूस दाखवा, त्यानं कधी ना कधी लेंपीच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. आणि दर ऑगस्टला अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये ती नव्या शिकाऱ्यांचा वर्ग घ्यायची. पहिल्या दिवशी भिंतीवर चादर लटकवायची, चादरीवर शिंगवाल्या नराचं मोठं चित्र. "काय दिसतंय?" सगळे ओरडायचे, "नर! आठ टोकांच्या शिंगांचा!" मग ती चादर वर उचलायची. मागं तिच्या पिवळ्या बसचं चित्र, खिडक्यांतून पोरांची तोंडं. "हरणाच्या मागं काय आहे ते ज्याला दिसत नाही, त्याला हरीण दिसलेलंच नाही," ती म्हणायची. दुसऱ्या दिवसाचा धडा पांढऱ्या रंगाचा. आमच्या हरणाची शेपटी खालून पांढरी, पळताना ती निशाणासारखी हलते. म्हणून रानात पांढरा रुमाल न्यायचा नाही, पांढरा हातमोजा घालायचा नाही. शिकाऱ्यांनी एकमेकांना दिसावं म्हणून घालायचं नारिंगी जाकीट वरून असलं तरी नाही. हे तिनं हजारेक माणसांना शिकवलं असेल. लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत लेंपीचा धाकटा भाऊ एरो गेला. स्वतःच्या बंदुकीनं. आमच्याकडचा फेब्रुवारी लांब असतो. दिवस करडा आणि रस्ता बंद. त्या दुपारी बंदूक हाताशी होती आणि माणूस जवळ नव्हतं. लेंपी एवढंच म्हणाली, "त्याला ती एक दुपार काढता आली असती, तर आज तो इथं पत्त्यांत माझ्याशी चीटिंग करत असता."

आणि मागच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, वालीची बायको हिल्या गेली. बावन्न वर्षांचा संसार. तेव्हापासून वाली शनिवारच्या सौनाला, कॅम्पवरच्या वाफेच्या आंघोळीला, यायचा बंद झाला. दाढी वाढली. मी त्याच्या फाट्यावरून गेलो की खिडकीत दिवा नसायचा, पण खुर्चीत तो असायचा. घरात सहा बंदुका. लेंपी तिथं आठवड्याला दोनदा जायची आणि परत येताना तिच्या तोंडावर एरोचा फेब्रुवारी दिसायचा. हिवाळा लागायच्या आत वालीच्या बंदुका घराबाहेर यायला हव्यात, आणि त्या त्याच्याच हातानं यायला हव्यात, एवढी एकच गोष्ट तिला त्या वर्षी हवी होती.

तिला हवं होतं ते कपाट आमच्याच कॅम्पमध्ये होतं. खाणीत सुरुंगाच्या टोप्या ठेवायचं लोखंडी कपाट, छातीपर्यंत उंच, जाड पत्र्याचं, दोन कुलपांचं. एक किल्ली मुकादमाकडे, दुसरी सुरुंगवाल्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय ते उघडायचं नाही. पंच्याण्णव साली खाण बंद झाली तेव्हा आर्वोनं ते भंगारातून उचललं, आणि तेव्हापासून त्यात आम्ही मैदा आणि साखर ठेवत होतो. उंदीर दातांना धार लावून परत जायचे.

लेंपीचं म्हणणं असं: कपाट गावच्या हॉलमध्ये न्यायचं. ज्याला वाटेल त्यानं आपल्या बंदुका त्यात ठेवायच्या. घरी नातवंडं राहायला येणार असतील, घटस्फोट चालला असेल, दारू सुटत नसेल, मन थाऱ्यावर नसेल. कारण कोणी विचारायचं नाही. एक किल्ली मालकाकडे, मालक वाढले की तिच्या नकला करायच्या; दुसरी फक्त लेंपीकडे. मालकाला बंदूक हवी झाली की यायचं, दोघांनी मिळून उघडायचं, घेऊन जायचं. गावचा प्रमुख तयार होता. पण कपाट कॅम्पच्या मालकीचं, आणि कॅम्पची वस्तू द्यायची तर सगळ्यांचं एकमत लागतं. मत चौदा तारखेला, हंगामाच्या आदल्या दिवशी, किटलीत.

ती चौदा तारीख! चौदा तारखेचं वर्णन मी कितीही वेळा केलं तरी माझं पोट भरत नाही. सकाळपासून दक्षिणेकडून गाड्यांची रांग, प्रत्येकीच्या टपावर शिड्या, दोऱ्या, झोपायच्या पिशव्या. पेट्रोल पंपावर लोक अनोळखी माणसाला मिठ्या मारतात. बायका भल्या पहाटे मांस, बटाटा आणि सलगम कणकेत भरून पास्ट्या भाजतात, त्यांचा वास कोटांना लागून रानापर्यंत येतो. त्या दिवशी वर नवा बर्फही पडायला लागला होता, बारीक, कोरडा, माग उमटायला अगदी हवा तसा. माझ्या तर बोटांना सकाळपासून मुंग्या येत होत्या.

कॅम्पवर आता आम्ही चौघंच उरलो होतो. लेंपी, वाली, मी आणि क्लिफ ट्रेगिअर. क्लिफ शवपेट्या बनवतो आणि गावात सगळ्यात जास्त हसतो.

दुपारी तीनला वाली आला. एकच रायफल, बापाकडून आलेली. क्लिफ दारातच ओरडला, "या, या! बघा, कोण आलंय! दाढीत पक्ष्यानं घरटं केलंय की काय?"

"केलंय. तुझ्यापेक्षा कमी बडबडतं," वाली म्हणाला. ऑगस्टनंतर त्याच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला विनोद. लेंपीनं माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं.

कॉफी झाल्यावर लेंपीनं कपाटाचं मांडलं. उभं राहून, वर्गात बोलते तसं. क्लिफ म्हणाला, "माझी एकच हरकत आहे. साखर कुठं जाणार?"

"तुझ्या पोटात. नाहीतरी तिथंच जाते."

"मग माझं होय."

वाली खिडकीबाहेर बघत होता. "राज्याचा कायदा आलाच आहे की," तो म्हणाला. "घरात लहान मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवा. मला मान्य आहे. आधीच यायला हवा होता. पण माझ्या घरात मूल कुठंय? मी आहे आणि घड्याळ आहे."

"हे कायद्याचं नाही, वाली. इथं सक्ती कुणालाच नाही."

"आज नाही. मला माहितीय हे कसं चालतं. आज कपाट. उद्या कोणीतरी कोर्टात जाऊन सांगणार, तो म्हातारा हल्ली गप्प असतो, उचला त्याच्या बंदुका. तोही कायदा आहे ना आता?"

"आहे," लेंपी म्हणाली. "आणि चांगला आहे. एरोच्या वेळी असता तर मी कोर्टाच्या पायऱ्या अनवाणी चढले असते."

मग वाली हळू म्हणाला, "मग माझ्यासाठी का नाही चढलीस?"

आता हे उघड झालंच. लेंपी खाली बसली, त्याच्या समोर. "लागलं तर तेही करीन. तुमच्या देखत सांगते. पण आधी तुम्हाला विचारते, कारण बंदुका तुमच्या आहेत आणि हक्कही तुमचा आहे. वाली, तुम्ही सत्तावीस वर्षं याच कपाटाची किल्ली गळ्यात घालून फिरलात. एकदा तरी वाटलं, कंपनीनं माझा अपमान केलाय, माझ्यावर विश्वास नाही?"

"ती सुरुंगाची टोपी होती, पोरी. ही माझ्या बापाची रायफल आहे." आणि कपाटाकडे बोट करून, "कपाट सुरुंगवाल्यावर अविश्वास म्हणून नव्हतं. खाणीत आणखी चारशे माणसं होती."

"तेच म्हणतेय मी."

"तू ते म्हणतेयस. मला ते ऐकू येत नाहीये," वाली म्हणाला, आणि उठून किटली टेबलावर ठेवली.

आमचं मतदान असं: होय असेल तर कॉफीचा दाणा, नाही असेल तर काडतुसाची रिकामी पुंगळी. वरून पंचा टाकून हात आत घालायचा. गुप्त मतदान म्हणायची आमची पद्धत आहे, पण दाणा पडलेला कळत नाही आणि पुंगळी टण्ण वाजते. लेंपीनं हात घातला, आवाज नाही. क्लिफनं घातला, मी घातला, नाही. वालीनं घातला. टण्ण.

"चला," क्लिफ म्हणाला, "साखर वाचली." कोणी हसलं नाही. मग सौना तापली, आणि सौनात कोणी भांडत नाही, तोही जुना कायदा आहे. दिवे लवकर मालवले.

पंधरा तारखेला उजाडताना मी माझ्या जागेवर होतो, ओढ्याच्या वळणावर. ज्यानं ती पहाट अंगावर घेतलेली नाही त्याला कसं सांगू? काळं रान आधी निळं होतं, मग करडं, मग एकेक फांदी आपापलं नाव सांगत पुढं येते. रक्त कानात वाजतं. खार पळाली तरी वाटतं, आला! बर्फ जोरात पडायला लागला होता. आमचा नियम असा की दहा वाजेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, म्हणजे कोण कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. वाली त्याच्या खडकावर, सिडारच्या झाडांच्या दलदलीकडे तोंड करून. लेंपी टेकडीच्या अंगाला. क्लिफ जुन्या रेल्वेच्या बांधावर.

नऊ वाजून गेले होते. खडकाकडून आवाज आला. एकच गोळी, कोरडी, आणि मग शांतता.

आमच्याकडे गोळ्या मोजतात. तीन ऐकू आल्या तर कात्री शोधा. दोन आल्या तर बघू. एक आली तर मांस. मी तर जागेवरच नाचलो. वालीची एक गोळी! दाढी वाढलेल्या, खुर्चीत बसलेल्या वालीची! बांधावरून क्लिफची आरोळी आली आणि मी उलट आरोळी दिली. दहाची वाट कोण बघतो? काडतुसं काढून खिशात टाकली, घसरगाडी ओढत मी धावत सुटलो. वाटेत क्लिफ भेटला, त्याचं तोंड लालभडक. "आठ टोकांचा असणार! दहा! मी सांगतो, मार्सेल, म्हातारा परत आला!"

खडकाच्या खाली, सिडारांत, एका आडव्या ओंडक्यावर दोघं बसले होते. वाली आणि लेंपी. वालीची रायफल उघडी करून बर्फावर ठेवलेली, काडतुसं काढून तिच्या शेजारी ओळीनं मांडलेली. दोघं वेलदोड्याचा गोड पाव तोडून खात होते. नर कुठं दिसेना.

"कुठंय?" क्लिफनं विचारलं.

"गेला," लेंपी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. वाली पावाचा तुकडा बोटांत कुस्करत होता. मी वर बघितलं. लेंपीच्या मागच्या सिडारच्या बुंध्यावर, डोक्याच्या वर हातभर, साल उडून आतलं लाल लाकूड ओलं दिसत होतं.

पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आहे आणि दोघांचं जुळतं. पहाटेपासून लेंपीचं मन जागेवर नव्हतं. रायफल घेऊन एकटा बसलेला वाली तिच्या डोळ्यांपुढून हलेना. हिल्या दर वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी वालीला वेलदोड्याचा पाव पाठवायची. लेंपीनं आदल्या दिवशी हिल्याच्या वहीतून तसाच पाव केला होता आणि हिल्याच्याच फडक्यात बांधला होता. ती जागा सोडून निघाली. स्वतःचा नियम मोडून. खडकाजवळ आली, बुंध्याआड पाव मोडला नाही ना ते बघायला थांबली, आणि फडकं सोडून झटकलं.

फडकं पांढरं होतं.

वालीला साठ पावलांवर पडत्या बर्फातून सिडारच्या फटीत पांढरं हललेलं दिसलं. नारिंगी जाकीट बुंध्याआड. अठ्ठावन्न हंगाम त्या बोटाला ठाऊक होतं पांढरं हललं की काय करायचं. त्यानं चादर उचलून बघितली नाही.

तो खडकावरून उतरून धावत आला, हरीण पडलं म्हणून, आणि लेंपीला बर्फात बसलेली बघून तिच्यापुढंच खाली बसला. "पोरी," तो म्हणाला, "पोरी, पोरी." लेंपी म्हणाली, "मला काही झालं नाही. आधी रायफल उघडा." त्यानं उघडली. मग दोघं ओंडक्यावर बसले, आणि पाव मोडून त्याच्या हातात देत ती म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही. माझीही चूक आहे. पांढरं फडकं घेऊन मी रानात! एवढं वर्गात ओरडून!" वालीनं मान डोलावली. आणि तेवढ्यात आम्ही दोघं घसरगाडी घेऊन आरोळ्या ठोकत आलो.

कॅम्पवर परत येताना क्लिफसुद्धा गप्प होता. त्यानंही बुंधा बघितला असणार.

टेबलावर पास्ट्या गरम केल्या. चौघं बसलो. वालीनं खाल्लं नाही. मी मनात म्हटलं, हा आता असाच घरी जाणार. हे गिळून घेऊन त्या खुर्चीत बसणार, सहा बंदुकांच्या शेजारी, अख्खा हिवाळा. लेंपीच्या डोळ्यांतही तेच होतं. आपण 'सांगू नका' म्हणालो हे तिला आता खुपत होतं, पण तोंड उघडायचं तर त्याचं उघडायला हवं होतं.

वाली उठला. आम्हाला पाठ करून उभा राहिला आणि शर्ट विजारीतून बाहेर ओढला. जाड हिरवी लोकर, हिल्यानं कोपरांना आणि मागच्या बाजूला ठिगळं लावलेली.

"मार्सेल," तो म्हणाला, "कात्री आण."

मी हललो नाही. क्लिफ म्हणाला, "म्हाताऱ्या, बस. हरीण निसटलं, चालतं."

"हरीण नव्हतंच." त्याचा आवाज चढला. "मी पांढरं बघितलं आणि चाप ओढला. मागं काय आहे ते बघितलं नाही. मागं लेंपी होती. आर्वोची लेंपी! जिला मी एक हंगाम रिकामी बंदूक घेऊन हिंडवली! कात्री आण म्हणतो ना!"

मी कात्री आणली. पण ती लेंपीनं माझ्या हातातून घेतली, स्वतःचा शर्ट ओढला आणि कर्रकन आपलीच शेपटी आधी कापली.

"हे काय करतेस?" वाली म्हणाला.

"दहाच्या आधी जागा सोडली. पांढरं फडकं घेऊन गेले. भिंतीवर चौथी." मग तिनं त्याची कापली, हळू, हिल्याच्या टाक्यांना धक्का न लावता.

क्लिफनं पेन दिलं. वालीनं आपलं नाव लिहिलं, साल लिहिलं, आणि हातोडी घेऊन भिंतीकडे गेला. आम्हाला वाटलं आता ठोकणार. तो भिंतीपुढं उभा राहिला, सत्तेचाळीस शेपट्या वाचल्यासारख्या बघितल्या, आणि वळला.

"इथं नको," तो म्हणाला. "ही भिंत चुकलेल्या हरणांची आहे." त्यानं टेबलावरची किटली उचलली, उलटी केली. तीन दाणे आणि एक पुंगळी. पुंगळी त्यानं खिशात घातली. कॉफीच्या डब्यातून एक दाणा काढला आणि किटलीत टाकला. आवाज झाला नाही, पण देवाशपथ, आम्हाला तिघांनाही तो ऐकू आला.

क्लिफ असा ओरडला की छपरावरचा बर्फ घसरला असेल. मी टेबलावर मूठ आपटली आणि माझी पास्टी खाली पडली. लेंपी रडत होती आणि हसत होती, आणि क्लिफला सांगत होती, "साखर काढ! साखर काढ आधी!" त्याच दुपारी, हंगामाच्या पहिल्या दिवशी, कॅम्पमधली चार माणसं शिकार सोडून एक लोखंडी कपाट घसरगाडीवर बांधून रानातून रस्त्यावर ओढत होती. वाटेत दोन नर आडवे गेले. एक तर दहा टोकांचा! कोणाच्या हातात रायफल नव्हती. क्लिफ अजून त्याबद्दल मला दोष देतो.

गावच्या हॉलमध्ये कपाट उभं राहिलं. वालीनं घरच्या पाच आणि कॅम्पवरची ती एक, सहाच्या सहा बंदुका आणल्या, एकेक जुन्या रजईत गुंडाळून, आणि आत ठेवल्या. दाराला आतून त्या दोन शेपट्या चिकटवल्या, त्याची हिरवी आणि लेंपीची निळी, आणि दोन्ही कुलपं लावली. एक किल्ली गळ्यात घातली, दुसरी लेंपीला दिली.

"एक विचारतो," तो लेंपीला म्हणाला. "फेब्रुवारीत मी आलो आणि म्हटलं, उघड, तर?"

"उघडीन. तुमच्याच आहेत."

"कारण विचारशील?"

"नाही. पण आधी कॉफी ठेवीन. माझी शेगडी जुनी आहे, वेळ लावते."

तो आला. फेब्रुवारीच्या बारा तारखेला, दुपारी दोनला, करड्या उजेडात. लेंपीनं मला फोन केला नाही, कुणालाच केला नाही. कॉफी ठेवली. शेगडीनं वेळ लावला. त्यांनी तीन पेले घेतले, पत्ते खेळले, आणि लेंपी म्हणते की वालीनं चीटिंग केली आणि तिनं ती मुद्दाम पकडली नाही. मग तो म्हणाला, "नुसतं तेल देऊ." दोघांनी हॉलमध्ये जाऊन दोन किल्ल्या लावल्या, सहाही बंदुकांना तेल दिलं आणि परत ठेवल्या. जाताना तिनं त्याला गावातल्या नव्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. त्यानं तो टोपीत खोचला. पुढच्या शनिवारी वाली सौनाला आला. दाढी काढून.

उन्हाळ्यापर्यंत कपाट भरलं. कोणाचा नातू राहायला आला होता, कोणाचं लग्न मोडत होतं, एकानं नुसतं म्हटलं, "ठेव ग जरा." कोणी कारण विचारलं नाही. कुणाचा हक्क गेला नाही. आता गावानं दुसरं कपाट घ्यायचं ठरवलंय, आणि तो ठराव हॉलमध्ये एकाही 'नाही'शिवाय पास झाला. मांडला कोणी? वालीनं.

आज चौदा नोव्हेंबर आहे. मी हे हॉलच्या उघड्या दारातल्या पायरीवर, गाडी बाजूला लावून, मांडीवर वही ठेवून लिहितो आहे. उद्याच्या हंगामासाठी आपापल्या बंदुका न्यायला रांग लागली आहे, प्रत्येकाच्या मुठीत किल्ली, तोंडातून वाफ, आणि सगळे एकदम बोलतायत. पेट्रोल पंपाकडून पास्ट्यांचा वास येतोय. बारीक, कोरडा बर्फ पडतोय, हवा तसा. क्लिफ रांग मोडून पुढं घुसायचा प्रयत्न करतोय आणि लेंपी त्याला बसमधल्या आवाजात ओरडतेय, "मागं हो! तुझ्या बंदुका घरीच आहेत, तू कशाला आलास?"

"बघायला!"

रांगेत पहिला वाली आहे. गळ्यातून किल्ली काढतोय. अंगात नारिंगी जाकीट, त्याखाली तोच हिरवा शर्ट, मागून तोकडा, आणि त्यातून गार वारा आत शिरत असणार. लेंपीनं आपली किल्ली लावली. आता तो लावतोय. सगळे गप्प झाले. थांबा, मला हे बघू द्या.